पोर फडात, नाव पटात

पोरगी सातवी पास झाली म्हणता? मग तुमच्या जिवाला घोर लागलाच असणार. हायस्कूल शेजारच्या गावात, आणि दसऱ्याच्या तोंडावर ऊसतोडीचा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन दारात. शाळा सोडवावी तर गुरुजी येतात, अंगणवाडीच्या ताई येतात, कागद येतात. म्हणून ऐका. पोरीनं नाव काढावं असं प्रत्येक बापाला वाटतं, पण तुम्ही तिचं नाव काढू नका. पोर न्या, नाव शाळेतच राहू द्या.

यात कुणाचंच वाकडं होत नाही. संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक ते, पटावर होते. पट टिकला तर शिक्षकाचं पद टिकतं. सरकारचाही आकडा टिकतो. देशातल्या शाळांच्या पटावर २०२१-२२ साली शंभरात सुमारे अठ्ठेचाळीस मुली होत्या. किती छान! त्या अठ्ठेचाळिसातली एक तुमची. ती त्या वेळी वर्गात होती की फडाजवळच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, हे त्या आकड्याला कुणी विचारत नाही.

आठवीपर्यंत जरा सांभाळून. २००९ चा शिक्षण हक्काचा कायदा सहा ते चौदा वयाच्या लेकरांपुरता आहे. चौदा पूर्ण झाली की कायद्याची नजर दुसरीकडे वळते. नववी त्यामुळे फार सोयीचा वर्ग.

कारण काय सांगाल? 'परवडत नाही' तर मुळीच म्हणू नका. मुलींना बारावीपर्यंत फी माफ आहे, एसटीला अहिल्याबाई होळकरांच्या नावाचा फुकट पास आहे. लगेच उघडे पडाल. 'जमाना खराब आहे' म्हणा. जमान्याचा दाखला कुठल्याच कचेरीत मागत नाहीत. (याच जमान्यात तुमचा मुलगा रात्री अकराला मोटारसायकल फिरवून घरी येतो. पण तो एसटी स्टँडवर उभा असतो तेव्हाच जमाना खराब होतो, हा विषय आज नको.)

आता कोयत्याचं गणित. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा. उचलही त्याच हिशेबानं. तुमची पोर अजून कोयत्यात धरत नाहीत, पण तुम्ही दोघं पहाटे फडात गेल्यावर कोपीवर धाकट्याला बघणं, पाणी आणणं, भाकरी थापणं कुणी करायचं? तिला मजुरी नाही, म्हणून ती मजूर नाही. ती वर्गात नाही, पण शाळाबाह्यही नाही, कारण नाव पटावर आहे आणि पुढं हजेरी लागते. इतकी हलकी पोर तुम्हाला दुसरी मिळायची नाही.

पुढच्या हंगामात कुणाच्या तरी मुलाचा अर्धा कोयता पुरा करायचा निघेल. तेव्हा घाबरू नका. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवक. त्यांना पत्रिका आदरानं द्या, नावासकट छापा. पत्रिकेवर नवरीचं वय छापायची पद्धत नाही, हे आपल्या पूर्वजांचे उपकार. तुम्ही काही एकटे नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. पाचात एक. चांगली भरली पंगत आहे.

खरं तर याहून बिनबोभाट उपाय होता, तुम्ही उशीर केलात. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८०७ मुली मोजल्या गेल्या. तीच लेकरं पुढं नववी-दहावीच्या बाकांवर आली. ज्या जन्मल्याच नाहीत त्यांची गळती कुठल्या रकान्यात भरणार? तुमची जन्मली, त्याला आता इलाज नाही.

पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की चैत्रात गावी या. दहावी उरलीच, तर बाहेरून बसवायला १७ नंबरचा फॉर्म आहे. एकच दिवस जपा, ३ जानेवारी, ऐन हंगामातला. शाळेत सावित्रीबाईंच्या फोटोला हार घालतील, १८४८, भिडेवाडा, अंगावरचं शेण, सगळं भाषणात येईल. मागच्या वर्षी ते भाषण तुमच्याच पोरीनं केलं होतं. यंदा पटावर तिच्यापुढं 'हजर' लागेल, काळजी नसावी. भाकरी थापताना ती ते पुटपुटत बसली तर पुटपुटू द्या. तेवढ्यानं उसाचं वजन कमी भरत नाही.