शब्द आधीच ठरलेला असतो म्हणे!

"दोघं स्टेजवर येतात, प्रेक्षकांकडून एक शब्द घेतात आणि त्यावर तासभर नाटक करतात, हे सगळं थोतांड आहे. शब्द देणारा त्यांचाच माणूस असतो, विनोद पाठ असतात, वर तालमीही करतात. आणि हे परदेशी खूळ आपल्या मातीतलं नाहीच." महिनाभर हा मजकूर परभणीत व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. मला अकरा जणांनी पाठवला, त्यात एक सख्खा मामा. चार वर्षं मी हेच, म्हणजे आयत्या वेळी सुचेल तसं रचायचं नाटक, इंग्रजीत 'इम्प्रोव्ह', करत असल्यानं बोलणं भाग आहे.

घटकाभर धरून चालू की शब्द देणारा आमचाच. मिळतं काय त्यातून? गेल्या हिवाळ्यात एका वाचनालयाच्या हॉलमध्ये आम्ही शब्द मागितला आणि मागून एक काका ओरडले, "डीपी!" हॉल हसला, रब्बीला पाणी द्यायच्या दिवसांत जळालेला डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, कुणाला सांगावा लागत नाही. मी मनात लाईनमन व्हायचं ठरवलेलं. तेवढ्यात जोडीदार उकिडवा बसला, खांद्यावर नसलेलं उपरणं सारखं केलं आणि म्हणाला, "साहेब, सतरा दिस झाले." झालं, लाईनमन तिथंच मेला, मी साहेब. नसलेलं रजिस्टर चाळत म्हटलं, "मग तेरवी उरकली असंल की."

"उरकली. गाव जेवलं. अंधारात जेवलं."

तिथून पुढं विहिरीवरची मोटार सुतकात बसली, डीपीच्या वारसांत भांडणं लागली. आता बघा, जोडीदार 'दोन दिस' म्हणाला असता तर तेरवी सुचलीच नसती. आकडा त्याचा, तेरवी माझी, अंधार परत त्याचा. काकांच्या शब्दाचं काम पहिल्या मिनिटातच संपलं होतं. शिकागोच्या टीजे आणि डेव्ह या जोडीचा तर प्रयोगच प्रेक्षकांकडून शब्द न घेता सुरू होतो.

पाठ केलेल्या विनोदाचं सांगायचं तर एकदा मीही तो गुन्हा केलाय. पंगतीचा एक किस्सा खिशात होता, तो घुसवला. समोर जोडीदार हरवलेलं पोर शोधणारी आई झाला होता. लोक हसले नाहीत, आईचाही विचका झाला.

तालीम करतो, हे कबूल. पण पैलवानही तालमीतच जातो. म्हणून कुस्ती आधीच ठरलेली असते का? आम्ही वाक्यं घोटत नाही. समोरच्याचं शेवटपर्यंत ऐकायचं, तो म्हणाला ते खरं धरायचं आणि त्यात आपली भर घालायची, एवढंच घोटतो. दिसायला सोपं आहे. मला दीड वर्ष लागलं, कारण समोरचा बोलत असताना माझ्या डोक्यात माझंच वाक्य शिजत असायचं.

परदेशी खूळ? आजचं रूप शिकागोचं, यात वाद नाही. व्हायोला स्पोलिन यांनी मुलांसाठी नाट्यखेळ रचले, त्यांचा मुलगा पॉल सिल्स यानं ते 1955 मध्ये कंपास प्लेअर्स या तिथल्या नाटकमंडळीच्या रंगमंचावर नेले. पण गोंधळात नायक कथा लावतो तेव्हा मध्येच भलतं काहीतरी विचारून त्याला अडवणारा साथीदार कोण असतो? जुन्या वगात तर नटांना नुसतं कथानक सांगायचे, बोलणं ज्याचं त्यानं उभ्या उभ्या जुळवायचं. तुळजापूरच्या वाटेवरच्या माणसाला हे मी शिकवायचं म्हणजे कमालच.

फसवणारे कुणी नसतीलच अशी हमी मी देत नाही. आमच्यापुरतं सांगतो: सेलूत 'कापूस' शब्द आला आणि वीस मिनिटं आम्ही एकमेकांना नुसते प्रश्न विचारत बसलो. एक जण चहाला उठला, त्याच्यामागं अख्खी रांग गेली. पाठ असतं तर एवढी अब्रू कोण घालवून घेईल?

मामाला पुढच्या प्रयोगाला बोलावलंय. पहिल्या रांगेत बसायचं, शब्द त्यानंच द्यायचा. तो तयार आहे. काल रात्री फोन आला: "येतो रे, पण कोणता शब्द द्यायचा ते आधी सांगून ठेव."