रिकामी जागा दिसते, पण मिळत नाही

दर वेळी तेच! विंडोजशेजारी लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकायला बसावं, सी ड्राइव्ह अर्धाअधिक रिकामा, आणि ड्राइव्ह आक्रसून जागा मोकळी करणारं विंडोजचं ‘श्रिंक व्हॉल्यूम’ म्हणतं, एवढीच थोडीशी जागा सुटेल. का, तर पेजफाइल (मेमरी अपुरी पडली की वापरायची), हायबरफिल (हायबरनेशनची, म्हणजे चालू काम डिस्कवर ठेवून संगणक बंद करण्याची) किंवा तसलीच एखादी न हलणारी फाइल नेमकी पार मागच्या टोकाला ठाण मांडून बसलेली, आणि तिच्या अलीकडे ड्राइव्ह आक्रसत नाही. अहो, मग कोणती फाइल आडवी आली ते तिथल्या तिथे सांगा ना! ते नाव शोधायचं इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीमध्ये, अॅप्लिकेशन लॉगच्या ढिगाऱ्यात, २५९ क्रमांकाच्या नोंदीत. हे नवख्याला कोण सांगणार? मग हायबरनेशन बंद, पेजफाइल बंद, रीस्टार्ट, परत श्रिंक, परत सगळं चालू. शिकायला आलेल्या पोरांचा उत्साह इथेच मावळतो, लिनक्सचं तोंडही न बघता. संताप होतो नुसता!