येऊरची माती म्हणजे औषधाची बाटली नव्हे

पहिला पाऊस पडला की ठाण्यातल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तोच मेसेज फिरतो. म्हणणं असं: मातीला सुटणारा वास अँटिबायोटिकचा असतो, मातीतले जिवाणू चोवीस तास औषध बनवत असतात, स्ट्रेप्टोमायसिन हे अँटिबायोटिक मातीतूनच आलं, तेव्हा खरचटलं तर जवळच्या येऊरच्या डोंगरातली ओली माती लावा, गोळ्या कशाला?

वासाचं आधी उरकतो. तो जिओस्मिन नावाच्या रसायनाचा. ते बनवतात मातीतले स्ट्रेप्टोमायसिस नावाचे जिवाणूच, पण ते अँटिबायोटिक नव्हे. त्या वासाने मातीतले बारके किडे येतात, जिवाणू खातात आणि त्यांचे बीजाणू अंगावर घेऊन हिंडतात.

खरी मेख आहे ती 'चोवीस तास'मध्ये. अँटिबायोटिक बनवणं खर्चिक काम. खाणंपिणं मुबलक असताना जिवाणू त्या फंदात पडत नाही. स्ट्रेप्टोमायसिन बनवणाऱ्या स्ट्रेप्टोमायसिस ग्रिसियसचंच बघा. तो 'ए-फॅक्टर' नावाचा इवलासा रेणू बाहेर सोडत राहतो. वस्ती वाढते तसा तो साठत जातो. तोवर आरपा नावाचं प्रथिन एका जनुकावर कुलूप होऊन बसलेलं असतं. पुरेसा ए-फॅक्टर जमला की तो आरपाला चिकटतो, कुलूप गळून पडतं, एकामागून एक जनुकं जागी होतात आणि मग कुठे स्ट्रेप्टोमायसिन तयार होतं. सोबतच आपल्याच विषाने मरू नये म्हणून लागणारी प्रतिकारशक्तीही. किती ए-फॅक्टर पुरतो? लिटरमागे ग्रॅमचा दहा लाखावा भागसुद्धा लागत नाही! 1967 साली सोव्हिएत शास्त्रज्ञ खोखलोव्ह यांच्या गटाने औषध बनवणं थांबलेल्या जिवाणूंना हा रेणू दिला, तेव्हा ते पुन्हा कामाला लागले.

सगळेच स्ट्रेप्टोमायसिस हाच रेणू वापरतात असंही नाही. स्ट्रेप्टोमायसिस सीलिकलर या दुसऱ्या जातीचा जनुकसंच 2002 मध्ये वाचला गेला, तेव्हा निरनिराळी रसायनं बनवणारे वीसहून जास्त जनुकगट त्यात निघाले. त्यातल्या बहुतेकांची रसायनं तोवर कुणी पाहिलीच नव्हती. संकेत मिळेना, म्हणून कुलपं बंद.

स्ट्रेप्टोमायसिनचं म्हणणं अर्धं खरं. 1943 साली अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ यांना ते सापडलं, मातीतल्याच जिवाणूपासून. पण तो वेगळा वाढवून, औषध गाळून, शुद्ध करून. जागच्या जागी जे थोडंफार बनतं, त्यातलं बरंच चिकणमातीच्या कणांना चिकटून बसतं. जखमेवर माती चोळलीत तर त्यातलं काय मिळेल ते मिळो, धनुर्वाताचे बीजाणू मात्र फुकट मिळतील.

बाकी, मेसेज पाठवणारे बी विंगमधले काका गेल्या पावसाळ्यात वंदना डेपोजवळच्या गुडघाभर पाण्यातून घरी आले आणि लेप्टोच्या धास्तीने डॉक्टरांकडून डॉक्सीसायक्लिन घेऊन गेले. ती गोळीसुद्धा मूळ एका स्ट्रेप्टोमायसिसच्याच औषधात फेरफार करून बनवलेली. काकांनी ती पाण्याबरोबर गिळली, चिखलाबरोबर नव्हे.