आषाढातली मरळ आणि ढिवराचं पोट : एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, तुमची प्रतिक्रिया रागातली आहे, पण त्या रागामागे तुमच्या घरचा, ढिवराचा म्हणजे मासेमारीचा धंदा आहे. म्हणून दोन ओळींत बोळवण करत नाही.

विणीच्या दिवसांत मरळ आणि देशी मांगूर हे तलावातले मासे टाळा, स्वस्त मांगूर घेऊच नका, असं सांगणाऱ्या ‘मासा निवडून खा’ या माझ्या लेखावर तुमचे चार आक्षेप आहेत. समुद्रातला मासा कमी झाला तर ते मुंबईवाल्यांनी पाहावं, आम्हा झाडीपट्टीतल्यांना, पूर्व विदर्भातल्यांना काय त्याचं. आमच्या तलावात मच्छीमारांची सोसायटी दरवर्षी माशांचं बीज, म्हणजे पिल्लं टाकते, मग संपायचं काय. मरळ नको, मांगूर नको असं लोक म्हणायला लागले तर पोट ढिवराचं मारलं जाईल. आणि गरिबाला जो मासा परवडतो त्याला नावं ठेवू नका.

बिजापासून सुरुवात करतो, कारण सगळा गुंता तिथेच आहे. सोसायटी टाकते ते बीज कटला, रोहू आणि मृगळ यांचं. हे मासे मुळात नदीचे. पुराच्या वाहत्या पाण्यात अंडी घालणारे. तलावाच्या थांबलेल्या पाण्यात ते वाढतात, पण तिथे त्यांची वीण होत नाही. १९५७ साली ओडिशात मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरी यांनी माशाला पिट्युटरी या मेंदूजवळच्या ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन अंडी घालायला लावलं आणि तेव्हापासून हे बीज केंद्रात तयार व्हायला लागलं. १० जुलैला मत्स्यशेतकरी दिन पाळतात तो त्याचाच. तेव्हा तलावातला रोहू म्हणजे पेरलेलं पीक. तो काढला, खाल्ला, विकला, तरी पुढच्या वर्षी बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं टाकता येतात. तो बिनघोर खा, असं मी त्या लेखातही म्हटलं होतं.

मरळ, देशी मांगूर, शिंगी यांचं बीज आपल्या बहुतेक तलावांत कोणी टाकत नाही. ते आपले आपण वाढतात, आणि त्यांची वीण होते ती नेमकी आपण आखाडी, म्हणजे आषाढातला सण साजरा करतो त्या दिवसांत. श्रावण लागायच्या आधी खाऊन घ्यायचं म्हणून आषाढात बाजारात मासळीवर झुंबड उडते. पहिल्या दमदार पावसात बांध्या, म्हणजे धानाची शेतं भरतात, तलावाचा सांडवा वाहायला लागतो आणि अंड्यांनी फुगलेले मासे प्रवाहाच्या उलट चढायला निघतात. तेव्हा रस्त्याच्या मोरीखाली जाळी, साड्या, बांबूचे सापळे लावून कोण उभं असतं ते तुम्हीही पाहिलं असेल. त्यात ढिवर थोडे आणि हौशी जास्त. एकेका गाभोळीत हजारो अंडी असतात, आणि ती सगळी त्या एका रात्रीत कढईत जातात.

मरळीचं तर आणखी वाईट. तिची पिल्लं तांबूस रंगाची असतात. श्वास घ्यायला वर येतात, त्यामुळे पाण्यावर त्यांचा झुबका दिसतो, आणि पाणी उकळी फुटल्यासारखं चुळबुळतं. त्या झुबक्याच्या खाली आई-बाप राखणीला असतात. जे जवळ येईल त्यावर ते तुटून पडतात, म्हणून तिथे गळ टाकला की मरळ हमखास लागते. मोठा मासा टोपलीत गेला की मागे राहिलेली पिल्लं बगळे आणि दुसरे मासे काही वेळात उडवतात. एक मरळ धरली म्हणजे पुढची सगळी पंगत उठवली. माझी हात जोडून विनंती एवढीच आहे की आषाढ लागल्यापासून पोळ्यापर्यंत मरळ आणि देशी मांगूर मागू नका. बाकीचे महिने खा की! भाव तिला रोहूपेक्षा कितीतरी जास्त मिळतो, आणि तो भाव ढिवराच्या हातात पडावा यासाठीच ती तलावात राहायला पाहिजे.

स्वस्त मांगुराबद्दल मात्र मी मागे हटणार नाही. ड्रममध्ये वळवळणारा, किलो-दोन किलोचा, ‘मांगूर’ म्हणून विकला जाणारा मासा आपला नव्हे. तो थाय मांगूर, मूळचा आफ्रिकेचा. त्याच्या पैदाशीवर केंद्र सरकारने २००० सालापासून बंदी घातली आहे. कत्तलखान्याच्या टाकाऊ मांसावर त्याला पोसतात आणि पुरात तो शेततळ्यातून निसटला की तलावातली देशी मासळी फस्त करतो. गरिबाला स्वस्त मासा हवा हे शंभर टक्के खरं. त्यासाठी पंगास आहे, छोटा मृगळ आहे, सुकट आहे.

समुद्राचं थोडक्यात सांगतो. पापलेटला २०२३ साली राज्यमासा जाहीर केलं तेव्हा मत्स्यव्यवसाय मंत्री आपल्या चंद्रपूर जिल्ह्याचेच होते. त्याच वर्षी कोणता मासा किती लांबीच्या आत धरायचा नाही याचे आकडे राज्याने ठरवले, पापलेटसाठी १३५ मिलीमीटर. नागपूरच्या हॉटेलात तळहातापेक्षा लहान पापलेट ताटात आलं तर ते परत पाठवायचा हक्क आपल्याला आहे. शिवाय १ जून ते ३१ जुलै राज्याच्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. म्हणजे समुद्रही नेमका आषाढातच विसावा घेतो, मग आपल्या तलावांनी का घेऊ नये?

तुमच्या एका वाक्याशी मात्र मी पूर्ण सहमत आहे : सगळा भार खाणाऱ्यावर टाकून चालणार नाही. गोसीखुर्द धरणाने वैनगंगेचा रस्ता अडवला, नागपूरची घाण नाग नदीतून त्याच धरणात येते. पूर्व विदर्भातले सहा हजारांहून जास्त मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारांचे (जुन्या जमीनदारांचे) तलाव, मालगुजारी गेल्यावर सरकारजमा झाले, पण त्यांचा गाळ काढणारे हात नाहीसे झाले. कित्येकांत बेशरम नावाचं झुडूप माजलंय. अर्जुनी-मोरगाव तालुक्यात ढिवर समाजाच्या बायांनी तलावात उतरून तो बेशरम उपटला, पाण्यातल्या देशी वनस्पती पुन्हा लावल्या, तेव्हा देशी मासळी परत दिसायला लागली. कोणत्या वनस्पतीत कोणता मासा अंडी घालतो हे ज्ञान त्यांच्याच घरातलं, तुमच्याही घरातलं. म्हणून मला वाटतं, आषाढात मरळ सोडायचा ठराव बाहेरच्या कोणी नव्हे, तुमच्या सोसायटीने करावा. आणि सोसायटीने ठराव केला तर मोरीखाली जाळी लावणाऱ्यांना रोखायला ग्रामपंचायतीने तुमच्या पाठीशी उभं राहावं.

शेवटी तुम्ही विचारलंत, ‘मग आखाडीला पाहुणा आला तर शिजवू काय?’ आठवडी बाजारात ढिवरणीला विचारा, कोणत्या तलावाची? ‘आमच्याच तलावाची हाय, सकारीच काढली’ म्हणाली की तिच्याकडून चांगला दीड-दोन किलोचा रोहू घ्या आणि लसूण-जवसाच्या रश्श्यात टाका.