पाचशे रुपयांचा तोडगा आणि बुलेटचे पुढचे शॉकअप

बुलेट किंवा क्लासिक ३५० ला खालचे क्लिप-ऑन हँडल, पुढे जाड टायर आणि लेगगार्ड लावून झाले की ब्रेक मारताना गाडी पुढून बसते आणि वळणात डोलते. त्यावर एक तोडगा सध्या मोबाइलवरून जोरात फिरतो आहे: ‘फोर्क ऑइल काढून २० डब्ल्यू-४० इंजिन ऑइल भरा, मापापेक्षा थोडे जास्तच ओता, स्प्रिंगवर दोन-दोन वायसर टाका, पाइप टीमधून इंचभर वर सरकवा. पाचशे रुपयांत काम फत्ते.’ (फोर्क म्हणजे पुढच्या दोन शॉकअपची जोडी, वायसर म्हणजे स्प्रिंगवर ठेवायच्या चकत्या, टी म्हणजे दोन्ही पाइपांना वरून धरणारा ब्रॅकेट.) यातली एकही गोष्ट पूर्णपणे बिनबुडाची नाही, म्हणून तो लोकांना पटतो. गफलत ही की स्प्रिंगचे काम तो तेलाकडून करून घेऊ पाहतो.

‘जाड तेलाने गाडी पुढून बसत नाही.’ बसते, फक्त सावकाश बसते. गाडी आणि चालक मिळून २७० किलो, गुरुत्वमध्य ६० सेंमी उंच, चाकांमधले अंतर १.४ मीटर धरा. ०.६ जी (गुरुत्वाकर्षणाच्या ०.६ पट) इतका ब्रेक लागला की पुढच्या चाकावर जवळपास ७० किलो जास्तीचे येतात. दोन्ही स्प्रिंगांची मिळून ताकद मिलिमीटरला १.४ किलो असेल, तर फोर्कमध्ये कोंडलेल्या हवेचा आधार सोडून गाडी ५० मिमी खाली जाणारच. १.७ किलोची स्प्रिंग टाकली तर ४१ मिमी. तेल हा आकडा बदलत नाही, तिथे पोचायला लागणारा वेळ बदलते.

त्या वेळाची किंमत खड्ड्यावर मोजावी लागते. या गाड्यांच्या फोर्कमध्ये भोके पाडलेली साधी डॅम्पर रॉड (हालचाल मंदावणारी नळी) असते. भोकातून तेल ढकलायला लागणारा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो: हळू हालचालीत जवळपास शून्य, खड्ड्याच्या धारेवर एकदम भिंत. १० डब्ल्यू फोर्क ऑइलचा दाटपणा ४० अंशांना साधारण ३०-३५ सेंटिस्टोक (दाटपणाचे एकक) असतो, २० डब्ल्यू-४० इंजिन ऑइलचा शंभराच्या वर. डिसेंबरच्या पहाटे महाबळेश्वरला तो आणखी कितीतरी वाढतो. मग धक्का थेट मनगटात येतो. शिवाय दबलेला फोर्क परत उघडायला वेळ घेतो. एकापाठोपाठ आलेल्या खाचांवर तो प्रत्येक वेळी आणखी आखडतो, आणि शेवटच्या खाचेला खाली जायला जागाच उरत नाही. (इंजिन ऑइलने सील फाटतात, हा उलट बाजूने होणारा आरोप मात्र खोटा आहे. कित्येक जुन्या गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये फोर्कसाठी १० डब्ल्यू-३० इंजिन ऑइलच लिहिलेले असे.) तेल बदलायचेच तर एका पायरीने बदला, आणि डब्यावरच्या ‘डब्ल्यू’ऐवजी ४० अंशांचा सेंटिस्टोक आकडा बघा. दोन कंपन्यांचे ‘१० डब्ल्यू’ सारखे नसते.

‘थोडे जास्तच ओता.’ तेलाच्या वर कोंडलेली हवा हीसुद्धा एक स्प्रिंगच आहे, आणि शेवटच्या टप्प्यात ती झपाट्याने कडक होते. १३० मिमी चाल (वरखाली होण्याचे एकूण अंतर) असलेल्या फोर्कमध्ये, पूर्ण दाबलेल्या स्थितीत, हवेची जागा १४० वरून ७० मिमी केली की तळाशी हवेचा दाब साधारण दुप्पट होतो. पहिला बळी ऑइल सीलचा. ३५ मिमीच्या पाइपात १० मिली तेल म्हणजे पातळीत सुमारे १३ मिमी फरक, तेव्हा ‘थोडे’ हे माप नव्हे. स्प्रिंग काढा, फोर्क पूर्ण दाबा, दहा-पंधरा वेळा हळू वरखाली करून हवा काढा, दहा मिनिटे थांबा आणि पाइपाच्या तोंडापासून तेलापर्यंत मोजा. मॅन्युअलच्या आकड्यापासून ५-५ मिमीने पुढे जा. फोर्कच्या दोन्ही पायांत फरक नको.

‘वायसर टाकले की स्प्रिंग कडक होते.’ मुळीच नाही. ४ मिमी वायसरांनी गाडी पुढून साधारण ४ मिमी उचलली जाते, स्प्रिंगची ताकद तीच राहते. वायसर किती हवेत हे बैठक, म्हणजे वजनाने फोर्क किती बसतो ते, मोजून ठरते. पाइपाला प्लास्टिकची पट्टी बांधा. चाक हवेत असताना एक माप, चालक नेहमीच्या कपड्यांत बसल्यावर दुसरे. एकाने गाडी धरायची, एकाने मोजायचे. फरक चालीच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास, म्हणजे ४० मिमीच्या जवळ हवा. ५५ येत असेल आणि भरपूर वायसर घालूनच ४० वर येत असेल, तर स्प्रिंग मऊ आहे. वायसर वाढवत गेलात तर गाडी स्वतःच्या वजनाने बसेनाशी होते आणि खड्ड्यात चाक खाली जायला चालच उरत नाही.

कडक स्प्रिंग विकत मिळत नसेल तर आहे ती कापता येते. सारख्या अंतराच्या ४० वेढ्यांतले ५ काढले की ती सुमारे १४ टक्के कडक होते. कापलेली लांबी जाड पाइपाच्या तुकड्याने भरा, पण आधी हिशेब करा: उरलेले वेढे गुणिले तारेची जाडी, ही झाली पूर्ण दबलेली लांबी. मोकळ्या लांबीतून ती वजा केल्यावर उरणारे अंतर फोर्कची चाल आणि बसवतानाच स्प्रिंग जेवढी दबते ते अंतर यांच्या बेरजेपेक्षा जास्तच हवे. नाहीतर स्प्रिंग तळाला जाऊन दगड होते.

एवढे करूनही खड्ड्यावर कडक आणि ब्रेकला मऊ वाटत असेल, तर उपाय कार्ट्रिज इम्युलेटर, म्हणजे तेल अडवणारी वेगळी झडप. तो डॅम्पर रॉडवर बसतो. त्यासाठी रॉडची खालची भोके सहा आणि ८ मिमीची करावी लागतात, म्हणजे रॉड पुन्हा मूळ रूपात आणता येत नाही. दाबाचे काम झडप करते, आणि तेलाच्या दाटपणाने मुख्यतः फोर्क उघडण्याचा वेग ठरतो. जाड तेलाला खरा अर्थ इथे येतो.

‘पाइप इंचभर वर सरकवा.’ चारांतला सर्वांत धोकादायक सल्ला हाच. २५ मिमीने हेडचा, म्हणजे हँडल ज्यावर फिरते त्या दांड्याचा, कोन साधारण एक अंशाने उभा होतो आणि ट्रेल (त्या दांड्याची रेषा जमिनीला जिथे टेकते तिथून टायर टेकतो तिथपर्यंतचे अंतर; ते घटले की हँडल अस्थिर होते) सुमारे ७ मिमी घटते. उलट, ९०/९०-१९ च्या जागी ११०/९०-१९ टायर आला असेल तर चाकाची त्रिज्या १८ मिमीने वाढते, गाडी पुढून उचलली जाते आणि ट्रेल एकूण १४ मिमीच्या आसपास वाढते. त्या गाडीला पाइप थोडे सरकवणे योग्यच आहे. मात्र टायर १८ मिमीने वर आला आणि टी २५ ने खाली गेली, म्हणजे दोहोंतली फट ४० मिमीहून जास्त घटली. स्प्रिंगा काढा, गाडी पूर्ण खाली बसवा आणि टायर किंवा मडगार्ड कशाला लागतो ते बघा. किमान १० मिमी फट सुटली पाहिजे. सरकवायचे ते ५-५ मिमीने. एक्सल आणि टीचे बोल्ट कसताना आधी फोर्क दोन-चार वेळा दाबून पाय समांतर होऊ द्या, एक्सलचे क्लॅम्प शेवटी कसा.

आणि डोलण्याची तक्रार असेल तर या सगळ्याआधी कोनसेट (हँडल ज्यावर फिरते ते बेअरिंग) तपासा. पुढचे चाक उचलून फोर्कचे पाय पुढेमागे ओढा. खडखड लागली किंवा हँडल मधोमध खाचेत अडकले, तर ते कोनसेटचे दुखणे आहे, आणि कुठलेही तेल ते बरे करत नाही.