आई म्हणजे दोन लिटर

ज्याच्या गावात झिरो माइलचा दगड आहे आणि पाण्याच्या नावानं फुटाळा नि अंबाझरी, त्या नागपूरकराला समुद्राची ओढ लागणारच. तेव्हा तुम्ही क्रूझ बुक केलीत, छान केलंत. घरी सांगताना समुद्राचंच कारण सांगा. सूर्योदय, डॉल्फिन, लग्नाला पंचवीस वर्षं झाली, असं काहीही. ड्युटी फ्रीचा, म्हणजे शुल्काशिवाय मिळणाऱ्या दारूचा, विषय चुकूनही काढू नका. तो खास मित्रांसाठी, पहाटे फिरून आल्यावर तर्री-पोह्याच्या टपरीवर काढायचा असतो. तिथे तुम्हाला लगेच तीन यादी देणारे आणि एक पैसे देणारा भेटेल. पैसे देणारा नंतर फोन उचलत नाही, हेही आताच लिहून ठेवा.

आधी क्रूझ नीट निवडा. आमच्या कॉलनीतले एक काकाजी मुंबईहून जहाजात बसले, गोव्यात उतरले आणि दोन दिवस ‘ड्युटी फ्री कुठं आहे?’ म्हणून विचारत फिरले. काकाजी, गोवा अजून भारतातच आहे. परदेशातून आल्याशिवाय कस्टमची सवलत मिळत नाही. उलट गोव्याची बाटली परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणली की राज्य उत्पादन शुल्कवाले सिंधुदुर्गाच्या हद्दीवर स्वागताला उभे असतात. तेव्हा सिंगापूर घ्या. आपल्याकडचा टूरवाला सिंगापूर-पेनांग-फुकेत असं काहीतरी देतोच, वर रोज रात्री वरणभात देण्याचं वचनही देतो.

निघताना खर्रा घेऊ नका. हा सल्ला उपरोधानं दिलेला नाही, मनापासून दिलेला आहे. सिंगापुरात चघळायचा तंबाखू आणायलाच बंदी आहे, आणि तिथल्या अधिकाऱ्याला ‘घोटून देतो, एक घेऊन तं पहा’ म्हणण्यात अर्थ नाही.

आता मुख्य विषय. भारतात परतताना दर माणशी दोन लिटर दारू शुल्काशिवाय आणता येते. माणूस पिणारा असावा अशी अट नाही. हे वाक्य वाचल्याबरोबर नागपूरच्या पुरुषाच्या डोळ्यांपुढे घरातली माणसं लिटरमध्ये उभी राहू लागतात. बायको दोन लिटर. सासूबाई दोन लिटर. आणि आजवर जिला कधी शेगावच्या पुढे नेली नाही ती आई, गळ्यात तुळशीची माळ असलेली, एकादशी करणारी, तीसुद्धा दोन लिटर. मातृऋण फेडायची बुद्धी माणसाला कधी आणि कशानं होईल सांगता येत नाही. नातेवाईक तुमचं कौतुक करतील. ‘म्हाताऱ्या मायले बोटीत फिरवून आणलं, असा पोरगा पाहिजे.’ कौतुक ऐकून घ्या. मान खाली घाला. ती लाजेनं खाली गेलीय हे कोणाला कळणार नाही.

मात्र हिशेब पक्का ठेवा. दोन लिटर म्हणजे दोनच लिटर. ड्युटी फ्रीत एक लिटरच्या बाटल्या असतात, तशा सातशे मिलीच्याही असतात, आणि तीन घेतल्या की भेटीचं खोकं देतात ते सातशेवाल्यांवरच. सात त्रिक एकवीस. शंभर मिली जास्त. नव्वदचा पेग धरला तर एका पेगसाठी तुम्ही कायद्याच्या पलीकडे गेलात. आपल्याकडच्या साडेसातशेच्या खंब्याची ज्याला सवय, तो तर तीन खंबे उचलतो आणि पाव लिटरनं फसतो. शाळेत दशांश अपूर्णांक शिकवताना मास्तरांनी हे उदाहरण घेतलं असतं तर आमच्या वर्गातलं कोणी नापास झालं नसतं.

दुसरा घोळ विमानाचा. कोणीतरी तुम्हाला छातीठोकपणे सांगेल, ‘पाच लिटर चालते, मी स्वतः आणली.’ तो खोटं बोलत नाही. विमानात टाकायच्या बॅगेत चोवीस ते सत्तर टक्क्यांमधली दारू माणशी पाच लिटरपर्यंत नेता येते, बाटल्या सीलबंद असल्या म्हणजे झालं. पण तो नियम विमान पेटू नये म्हणून आहे, तुमच्या सोयीसाठी नाही. विमानवाला पाच म्हणतो, कस्टमवाला दोन म्हणतो, आणि मधल्या तीन लिटरला दोघांपैकी कोणीही ओळख देत नाही.

जहाजावर गेल्यावर घाई करू नका. बंदर सोडून जहाज बाहेरच्या समुद्रात गेल्याशिवाय ते दुकान उघडतच नाही. आपली माणसं मात्र संध्याकाळी पाचपासून शटरसमोर उभी. त्यांना पाहून मला रविवारी सकाळी आमच्या चौकातली मटणाच्या दुकानापुढची रांग आठवली. बाटली घेतली की ती लगेच हातात मिळेल असंही समजू नका. पैसे देऊन पावती घ्यायची, बाटली जहाजाच्या ताब्यात. शेवटच्या रात्री किंवा उतरायच्या दिवशी ती खोलीवर येते. फुकेतला उतरून बाहेरून आणलीत तरी शिडीशी एक्स-रे मशीन आहे, तिथे ती काढून घेतात आणि चिठ्ठी देतात. का, तर तुम्ही खोलीत बसून स्वतःची प्याल तर त्यांच्या बारमध्ये डॉलर मोजून कोण पिणार? म्हणजे स्वतःच्या मालकीची चार लिटर जहाजात असताना तुम्ही चार दिवस लिंबू सरबत पीत बसायचं. यालाच आपल्याकडे संयम म्हणतात, आणि तो आईला फार आवडला. ‘बोटीवर सुधरला बाई,’ असं तिनं बहिणीला फोनवर सांगितलं.

उतरताना आणखी एक गंमत आहे, टूरवाला ती सांगत नाही. सिंगापुरात दारूची सवलत हवी तर तुम्ही किमान अठ्ठेचाळीस तास सिंगापूरच्या बाहेर असायला हवं आणि मलेशियातून येत नसायला हवं. तुमची क्रूझ पेनांग करून परत येणारी असेल तर तुम्ही मलेशियातूनच आलात. मग त्यांचं शुल्क भरा. शुद्ध अल्कोहोलच्या लिटरमागे 88 सिंगापुरी डॉलर, म्हणजे चाळीस टक्क्यांच्या एक लिटर बाटलीला 35 डॉलरच्या वर, आणि त्यावर 9 टक्के जीएसटी. जीएसटीपासून पळून माणूस भर समुद्रात गेला, तर तोही पोहत मागे आला. फुकेत आधी की पेनांग आधी, हे विचारून तिकीट काढणारा प्रवासी मला अजून भेटलेला नाही. सगळे विचारतात, खिडकी मिळेल का.

आता मुंबईचं विमानतळ. इथे घरच्यांची पूर्वतयारी करून घेणं फार गरजेचं. एकाची सवलत दुसऱ्याच्या सवलतीत मिळवता येत नाही, नियमात तसं साफ लिहिलंय. चौघांच्या आठ लिटरची एक गोणी करून घरच्या कर्त्यानं ओढत न्यायची, ही पद्धत धान्यबाजारात ठीक. इथे ज्याची बाटली त्याच्या हाती. म्हणून मी आईच्या दोन बाटल्या तिच्याच कापडी पिशवीत ठेवल्या, वर तिची शाल, शालीवर जपमाळेची गोमुखी. खोलीत दोनदा तालीमही घेतली. ‘कोणी विचारलं तर काय म्हणायचं?’ ‘माहं हाय म्हणायचं.’ शाब्बास.

प्रत्यक्षात काय झालं ते सांगतो, म्हणजे तुमचा तोटा टळेल. तरुण अधिकारी होता, मराठी. त्यानं पिशवीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि अगदी अदबीनं विचारलं, ‘आजी, हे तुमचं का?’ आईनं पिशवी दोन्ही हातांनी पुढे केली. म्हणाली, ‘लेकाचं हाय जी. मी तं वास बी घेत नाही.’

अडुसष्ट वर्षांत ती कधी खोटं बोललेली नाही. मला हे माहीत होतं. तरी मी तिला लिटरमध्ये मोजलं.

आईचं नाही म्हटल्यावर ते माझं झालं, आणि माझे दोन लिटर आधीच माझ्या बॅगेत होते. वरच्या दोन लिटरवर दीडशे टक्के. साडेतीन-साडेतीन हजारांच्या दोन बाटल्या, त्यावर साडेदहा हजार. सात हजारांची दारू साडेसतरा हजारांना पडली. पावती फाडताना तो पोरगा आईला म्हणाला, ‘आजी, बसा ना खुर्चीवर.’ मला कोणी बसा म्हटलं नाही. बायको शुल्क नसणाऱ्यांच्या हिरव्या मार्गानं केव्हाच पलीकडे जाऊन उभी होती, स्वतःच्या दोन लिटरसकट, अनोळखी बाईसारखी.

कोणी शहाणा म्हणेल, अहो, मुंबईला उतरल्यावर सामानाच्या पट्ट्याजवळच ड्युटी फ्रीचं दुकान आहे, तिथेच दोन लिटर घ्यायची, जहाज, बंदर, सिंगापूर कशाला? या शहाण्यांचं ऐकू नका. पट्ट्याजवळ घेतलेल्या बाटलीची गोष्ट सांगता येत नाही. ‘ही अंदमानच्या समुद्रात घेतली बरं का’ या वाक्याची किंमत ज्याला कळत नाही त्यानं क्रूझला जाऊच नये. तो आणखी हेही सांगेल की 2025 च्या जुलैत ब्रिटनशी करार झालाय, स्कॉचवरचं दीडशे टक्के शुल्क आधी पंचाहत्तरवर आणि दहा वर्षांत चाळीसवर येणार. येऊ द्या. दहा वर्षांनी स्वस्त होणारी गोष्ट आज महाग आणण्यातच तर मान आहे.

मुंबईहून नागपूर. विमानानं आलात तर बाटल्या बॅगेत टाका आणि कपड्यांत नीट गुंडाळा. आईचं नऊवारी लुगडं यासाठी उत्तम, एका लुगड्यात दोन बाटल्या आरामात बसतात. फक्त बूच तपासा. आमच्याकडे बायकोच्या वाट्याची एक झिरपली, आणि जहाजावर खायला म्हणून नेलेल्या संत्रा बर्फीचा उरलेला डबा त्याच बॅगेत होता. ती बर्फी मी शेजाऱ्यांना वाटली. त्यांनी पुन्हा मागितली.

रेल्वेनं किंवा समृद्धीनं येणार असाल तर एक गोष्ट मनात धरा, दोन्ही वाटा वर्धा जिल्ह्यातून जातात. सेवाग्राम तिथं, आणि पन्नासेक वर्षांपासून जिल्हाभर दारूबंदी. इतका समुद्र, तीन देश, दोन कस्टम पार करून आलेली बाटली पुलगावपासून सिंदीपर्यंत एकदम गप्प होते. गाडी सेवाग्रामला थांबली की बर्थखालच्या बॅगेवर नकळत पाय ठेवला जातो. नैतिक भीती ही अशी असते, सिंगापुरात ती वाटत नाही.

घरी आलात म्हणजे सुटलात असं नाही. आपल्या राज्यात 1949 चा दारूबंदी कायदा आहे, आणि दारू घरात ठेवायला नि प्यायला परवाना लागतो. देशीला दिवसाचे 2 रुपये, विदेशीला 5, वर्षाचे 100 आणि आजीवन 1000. परवान्यावर कारण काय असतं ठाऊक आहे? आरोग्याचं रक्षण. साडेसतरा हजारांच्या दोन बाटल्या आणून हजार रुपयांचा परवाना न काढणारे आरोग्याविषयी किती बेफिकीर आहेत पाहा. आणि बावीस वर्षांच्या चिरंजिवांना ‘ये, आज बापाबरोबर बस’ म्हणू नका. बियर एकविसाव्या वर्षी चालते, व्हिस्की पंचविसाव्या. मतदानाला अठरा पुरतात. सरकार निवडायला कमी अक्कल लागते, असं कायद्याचं मत दिसतं.

मग बाटली कधी फोडायची? फोडायची नाही. शोकेसमध्ये ठेवायची, ताजमहाल आणि मुलाच्या कॅरमच्या ट्रॉफीच्या मधोमध, लेबल दाराकडे करून. पाहुणा बूट काढतानाच त्याला दिसली पाहिजे. फारच जवळचा कोणी आला तर झाकणानं मोजून द्या आणि सोबत सावजी मटण मागवू नका. मी ती चूक केली. धुराचा वास, ओकच्या पिंपात बारा वर्षं, स्कॉटलंडच्या झऱ्याचं पाणी, असं सगळं मी वाचून दाखवलं. पाहुण्यानं रश्श्याचा एक भुरका घेतला, नाकातून पाणी आलं, आणि हाताला लागलेला ग्लास त्यानं पाण्यासारखा घटाघटा रिकामा केला. ‘कशी आहे?’ विचारलं तर म्हणे, ‘तर्री मस्त आहे बे.’ बारा वर्षं तीन सेकंदांत गेली. त्यापेक्षा देशी संत्रा दारूनं त्याची सोय नीट झाली असती, आणि गावाचा मानही राहिला असता.

शेवटी राहिला वर्ध्याचा साडभाऊ. प्रत्येक नागपूरकराचा एक साडभाऊ वर्ध्याला असतोच. तुम्ही उतरल्याच्या तिसऱ्या दिवशी त्याचा फोन येतो. तब्येत, आईचे गुडघे, पाऊसपाणी, आणि मग, ‘एखादी इकडे येऊन राहिली का?’ बाटली देऊ नका, कायद्याचं काम आहे, तो अडकेल आणि तुमचं नाव सांगेल. पण तोंडावर नाहीही म्हणवत नाही. मी त्याला रिकामा खोका दिला. जाड पुठ्ठ्याचा, सोनेरी अक्षरांचा, आत मखमलीचा खळगा.

परवा त्याच्याकडे पूजेला गेलो होतो. त्यानं तो शोकेसमध्ये ठेवलाय, लेबल दाराकडे करून. पाहुणे येतात, बघतात आणि आवाज खाली करून त्याला विचारतात, ‘आत आहे का?’ साडभाऊ काही बोलत नाही. नुसता हसतो. वर्ध्यात सध्या त्याच्याइतका मान कोणाला नाही. आणि त्याला तो एका पैशाला पडलेला नाही.