त्या बसमध्ये पुन्हा बसायलाच हवे

गेल्या महिन्याभरात पॅनिक अटॅकवरचा, म्हणजे एकाएकी उसळणाऱ्या भीतीच्या झटक्यावरचा, एकच मजकूर मला चार ग्रुपांवर आला. एक आमच्या फोंड्याच्या महिला मंडळाचा, एक शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा आणि दोन नातेवाइकांचे. त्यात थोडक्यात असे म्हटले आहे: हा हृदयाचा त्रास नसतो, तेव्हा डॉक्टरकडे धावू नका, कागदी पिशवी तोंडाला लावून श्वास घ्या, अटॅक आला ती जागा आणि तशी गर्दी कायमची टाळा, रात्री झोप लागत नसेल तर घोटभर दारू किंवा घरातली झोपेची गोळी चालते, मानसोपचारवाल्यांच्या नादी लागू नका, गोळ्या आयुष्यभर सुटत नाहीत. पाठवणाऱ्या सगळ्यांना मी ओळखते, त्यांच्या मनात काळजीच आहे. पण या सल्ल्यांनी माणूस जास्त आजारी पडतो. त्यातल्या एकाने मी पडले होते.

तीन वर्षांपूर्वीचा जुलै. फोंडा-पणजी बस, बाहेर धो धो पाऊस, सगळ्या काचा बंद. कुणाच्या तरी छत्रीचे पाणी माझ्या पायावर ठिबकत होते. जुने गोवे मागे पडले, रायबंदर आले आणि काही कारण नसताना छाती धडधडायला लागली. श्वास पुरेना. ओठांभोवती मुंग्या आल्या, मग हातांची बोटे आखडून आत वळली, उघडताच येईनात. कंडक्टर वाकून विचारत होता, "बाये, कितें जालें तुका?" मला उत्तर देता येत नव्हते. आपण आता मरतोय याची मला खात्री होती. भीती नव्हे, खात्री.

म्हणून 'डॉक्टरकडे धावू नका' हे वाक्य वाचून माझ्या पोटात गोळा येतो. छातीत दुखणे, दरदरून घाम, धाप हे पॅनिक अटॅकमध्ये होते आणि हार्ट अटॅकमध्येही होते. पहिल्या खेपेला यातले काय आहे हे घरच्यांनी ठरवायचे नसते. डॉक्टरलाही त्यासाठी ईसीजी आणि रक्ताची तपासणी लागते. बायकांच्या बाबतीत तर हार्ट अटॅक छातीत फारसे न दुखताही येऊ शकतो, नुसती धाप, मळमळ, पाठीत किंवा जबड्यात दुखणे एवढ्यावर. थायरॉइड वाढला, साखर उतरली, ठोके अनियमित पडले तरी असेच काहीसे वाटते. पहिल्यांदा झाले की १०८ ला फोन करा किंवा जवळचे इस्पितळ गाठा. तपासणी नॉर्मल आली तर फुकट धावलो असे कुणी मानू नये.

माझी नॉर्मलच आली. 'काही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नका' एवढे सांगून मला घरी पाठवले. काहीच झाले नव्हते तर माझी बोटे कशाने वळली? ते कुणी पाच मिनिटे बसून सांगितले असते तर माझे पुढचे चार महिने वाचले असते. पॅनिक अटॅकमध्ये शरीर खरोखरच्या संकटात सोडते तसेच अ‍ॅड्रेनलिन सोडते. ठोके वाढतात, श्वास भरभर चालतो. भरभर श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यामुळे चक्कर, मुंग्या, बोटे आखडणे. हे सगळे साधारण १० मिनिटांत टोकाला पोचते आणि मग ओसरते. बहुतेक झटके ५ ते २० मिनिटांचे असतात.

कागदी पिशवीची कल्पना इथूनच आली आहे: सोडलेलाच श्वास परत घ्यायचा म्हणजे कार्बन डायऑक्साइड भरून निघेल. ऐकायला बरोबर वाटते, पण पिशवीत ऑक्सिजनही कमी कमी होत जातो. त्रास दम्याचा किंवा हृदयाचा निघाला तर ही पिशवी जिवावर बेतेल, म्हणून आता हा उपाय सांगत नाहीत. पोट फुगवून सावकाश श्वास घ्या, घेतला त्याहून जास्त वेळ लावून सोडा. चार मोजत आत, सहा मोजत बाहेर. पिशवी लागत नाही.

आता ती ओळ, जिच्यासाठी मी हे लिहायला बसले: 'ती जागा कायमची टाळा.' मी अगदी हेच केले, आणि तेही कुणी न सांगता. बस सोडली. मग नवऱ्याच्या स्कूटरवरूनही पणजीला नको म्हणू लागले, कारण वाटेत रायबंदर लागते. मग गर्दीच नको झाली. त्या वर्षी चवथीला माटोळीचे (गणपतीच्या वर टांगतात त्या फळापानांच्या चौकटीचे) सामान आणायलासुद्धा मी बाजारात गेले नाही; कांगले, घागऱ्या, सुपाऱ्यांची शिपटी सगळे जावेने आणले. प्रत्येक वेळी टाळले की हायसे वाटायचे, आणि त्या हायसे वाटण्यातच घात होता. आपण गेलो नाही म्हणून वाचलो, असे मन शिकत जाते.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये हे चक्र उलगडून मांडले. छाती जरा धडधडली की माणूस तिचा अर्थ 'आता मी मरणार' असा लावतो, त्या अर्थाने भीती वाढते, भीतीने धडधड वाढते. अटॅक येतो कधी कधी एकदाच. पुष्कळांना आयुष्यात एखादा येतो आणि पुन्हा येत नाही. तो आजार नव्हे. आजार म्हणतात तेव्हा, जेव्हा असे झटके अवचित पुन्हा पुन्हा येतात आणि निदान महिनाभर पुढच्या झटक्याची धास्ती राहते किंवा तिच्यापायी वागणे बदलते. म्हणजे हा मजकूर जे करायला सांगतो, ते डॉक्टर आजाराचे लक्षण म्हणून मोजतात.

माझ्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी मला उलट कामाला लावले. पहिला आठवडा फोंडा स्टँडवर उभ्या बसमध्ये नुसते दहा मिनिटे बसायचे. मग फर्मागुढीपर्यंत जाऊन उतरायचे. चढावर ड्रायव्हर गिअर बदलतो तेव्हा बस हिसका देते. तेवढ्यानेही माझी छाती उडायची, आणि बाईंचा नियम असा की तेव्हा उतरायचे नाही, धडधड आपणहून उतरेपर्यंत बसून राहायचे. मग मंगेशी, मग बाणस्तारीचा पूल, मग जुने गोवे. मध्ये मध्ये घरी जिने भराभर चढायचे, मुद्दाम धाप लावून घ्यायची, म्हणजे धाप आणि मरण यांची मनात पडलेली गाठ सुटते. (आधी हृदयाची तपासणी झालेली होती म्हणूनच हे, कुणी तपासणीआधी करू नये.) अकराव्या आठवड्यात मी एकटी पणजीच्या स्टँडवर उतरले. रायबंदरला मुंग्या आल्या होत्या. मी सहा मोजत राहिले.

दारूचे काय? गोव्यात ती हाताशी असते म्हणून सांगते. रात्रीच्या फेणीने तासभर सैल वाटते, आणि ती उतरताना पहाटे तीच धडधड घेऊन येते. दुसऱ्याची झोपेची गोळी मागून घेऊ नका, त्या जातीच्या गोळ्यांची सवय लागते. चहा-कॉफी काही दिवस कमी करून बघा, कॅफिनने काहींना फरक पडतो.

राहिली 'आयुष्यभराच्या गोळ्यां'ची भीती. पॅनिकसाठी जी औषधे सहसा देतात त्यांचे व्यसन लागत नाही. गुण यायला काही आठवडे लागतात, बरे वाटू लागल्यावरही काही महिने चालू ठेवतात, मग डॉक्टर हळूहळू कमी करतात. मनाने एकदम बंद करायची नाहीत, एवढेच पथ्य. मला तर गोळी लागलीच नाही, नुसत्या बोलण्याच्या उपचारावर भागले, पण लागली असती तर घेतली असती. आणि याच गोव्यात मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या संगत संस्थेने सरकारी आरोग्य केंद्रांमध्ये साध्या प्रशिक्षित समुपदेशकांकडून नैराश्य आणि चिंतेच्या रुग्णांना मदत दिली. त्यांना त्याचा फायदा झाला, हे २०१० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले आहे. बांबोळीला सरकारी मनोरुग्णालय आहे, तिथे बाह्यरुग्ण विभाग आहे. तिथवर जायचा धीर होत नसेल तर १४४१६ हा टेलि-मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा, नंबर चोवीस तास चालतो. तो फिरवायला पैसे पडत नाहीत, आणि घरात कुणाला सांगावे लागत नाही.